प्रोजेक्टरची पिक्चर ट्यूब : काढावी कशी, बांधावी कशी, बसवावी कशी

हुबळी हे मालाची वाट बदलणारं गाव आहे. मुंबई-पुण्याकडून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड असा येणारा राष्ट्रीय महामार्ग 48 इथून दावणगेरे-बंगळूरकडे जातो. सोलापूर-विजापूरकडून येणारा महामार्ग 52 इथूनच अंकोल्याच्या किनाऱ्याकडे उतरतो आणि गदगमार्गे बळ्ळारीची वाट फुटते. नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय 2003 पासून इथे आहे. मार्च 2023 मध्ये उद्घाटन झालेला इथल्या स्थानकाचा 1507 मीटरचा फलाट जगातला सर्वांत लांब मानला जातो. विजय संकेश्वर यांनी 1976 मध्ये गदगला एका ट्रकवर सुरू केलेला मालवाहतुकीचा धंदा पुढे हुबळीत आला आणि इथूनच देशभर पसरला.

मालाची वाट बदलते तिथे मालाला हात लागतो. हुबळीहून पुण्याला किंवा चेन्नईला निघालेलं पार्सल बुकिंगच्या दुकानातून गोडाऊनला, तिथून मोठ्या ट्रकमध्ये, दुसऱ्या टोकाला पुन्हा गोडाऊनमध्ये आणि शेवटी छोट्या टेम्पोत असं चढत-उतरत जातं. ही चढउतार काचेच्या वस्तूला रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा जास्त घातक असते. खड्ड्यात ट्रक हादरतो, पण खांद्यावरून किंवा ट्रकच्या फाळक्यावरून सुटलेला खोका थेट जमिनीवर येतो. जुन्या थ्री-गन प्रोजेक्टरची पिक्चर ट्यूब या प्रवासाला फार अवघड जाणारी वस्तू आहे. ती धड पोचणार की नाही, हे पार्सल बुक होण्याआधी, ट्यूब बांधली जाते त्या टेबलावरच ठरलेलं असतं.

तीन ट्यूब, तीन रंग

घरातल्या जुन्या रंगीत टीव्हीत एकच मोठी ट्यूब असे आणि तिच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग शेजारी शेजारी उमटत. थ्री-गन प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र ट्यूब आणि स्वतंत्र लेन्स असते. तिन्ही चित्रं पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत पडली की रंगीत चित्र तयार होतं. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये बनवलेल्या नळीचंच हे रूप आहे. मागच्या बाजूला इलेक्ट्रॉन सोडणारी गन, मध्ये त्या झोताला वळवणारं चुंबकीय वेटोळं, ज्याला कारागीर योक म्हणतात, आणि पुढे आतून फॉस्फरचा थर दिलेली काच.

या ट्यूब 7, 8 आणि 9 इंची मापात येत. 7 इंची ट्यूबवरचं प्रत्यक्ष चित्र साधारण 5 इंच कर्णाचं असतं. ते 100 इंची पडद्यावर टाकायचं म्हणजे लांबी-रुंदीत 20 पट आणि क्षेत्रफळात 400 पट ताणायचं. तेवढा प्रकाश छोट्याशा काचेतून काढायचा, म्हणून अशा ट्यूबला 30 हजार व्होल्टच्या वरचा दाब लागतो. 30 हजार व्होल्टला झोताचा प्रवाह 1 मिलिअँपिअर धरला, तरी तळहाताएवढ्या काचेवर 30 वॅट ऊर्जा सतत आदळते. त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. ती वाहून न्यायला बऱ्याच ट्यूबच्या तोंडाशी इथिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणाने भरलेली सीलबंद कुपी बसवलेली असते. प्रकाश या द्रवातूनच लेन्सकडे जातो.

सोनी, बार्को, इलेक्ट्रोहोम अशा कंपन्यांचे हे प्रोजेक्टर सभागृहांत, हॉटेलांच्या हॉलमध्ये आणि विमानचालनाच्या सिम्युलेटरमध्ये वापरले जात. घरगुती प्रोजेक्शन टीव्हीतही याच जातीच्या ट्यूब होत्या. एल.सी.डी. आणि डी.एल.पी. आल्यावर ते झपाट्याने मागे पडले. काचेच्या ट्यूबचा सगळा उद्योगच किती लवकर आवरला गेला, ते महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2008 मध्ये, सोनीने आपल्या ट्रिनिट्रॉन ट्यूबचं उत्पादन थांबवलं. तरीही ज्यांच्याकडे थ्री-गन प्रोजेक्टर आहे ते तो सहजासहजी टाकत नाहीत, कारण त्याचा काळा रंग खरोखर काळा असतो. जिथे झोत पडत नाही तिथे ट्यूबमधून प्रकाशच निघत नाही. अशा यंत्राची एक ट्यूब गेली, तर दुसरी कुठल्या तरी शहरातल्या बंद पडलेल्या यंत्रातून काढून मागवावी लागते. त्यामुळे ट्यूब काढणं, बांधणं, पाठवणं आणि बसवणं ही चार कामं मिळून एकच काम होऊन बसलं आहे.

काचेच्या पोटातली पोकळी

ट्यूबच्या आत हवा नसते. बाहेरची हवा मात्र काचेवर सतत दाब देत असते. समुद्रकाठी हा दाब दर चौरस सेंटीमीटरला 1 किलोच्या किंचित वर असतो. हुबळी-धारवाड साधारण साडेसहाशे ते साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो सुमारे 8 टक्क्यांनी कमी भरतो. ट्यूबच्या तोंडाचं क्षेत्रफळ 150 चौरस सेंटीमीटर धरलं, तर मुंबईत तिच्यावर सुमारे 155 किलोचा आणि हुबळीत सुमारे 142 किलोचा भार असतो. घाट चढताना किंवा उतरताना पडणारा हा फरक काच सहज पेलते. पण या भाराखाली असलेल्या काचेवर चरा पडला, कडेला टवका उडाला किंवा मानेला पीळ बसला, तर तडा क्षणात धावतो, हवा आत घुसते आणि काचेचे तुकडे आधी आत आणि मग बाहेर उडतात. म्हणून उघडी ट्यूब हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. आसपास दुसरं कुणी असेल तर त्यालाही चष्मा द्यावा किंवा खोलीबाहेर पाठवावं.

ट्यूबचा सर्वांत कमजोर भाग म्हणजे तिची मान. ती बोटाहून थोडी जाड असते, तिची काच पातळ असते आणि तिच्या टोकाला पिना असतात. पिनांच्या मधोमध काचेचं एक बारीक बंद टोक असतं. कारखान्यात तिथूनच हवा ओढून घेतात आणि काच वितळवून तोंड बंद करतात. पिनांवरची प्लॅस्टिकची टोपी या टोकाचं रक्षण करते. ती सैल झाली असेल, तर ट्यूब हलवण्याआधी ती नीट धरून बसते का ते पाहावं. ट्यूब मानेला धरून उचलू नये, हा या कामातला पहिला धडा. एक हात तोंडाच्या कडेखाली आणि दुसरा नरसाळ्यासारख्या भागाला आधार देत ती उचलावी.

मानेत डोकावून पाहिलं की काचेला आतून चिकटलेला आरशासारखा चकचकीत डाग दिसतो. तो बेरियम या धातूचा असतो आणि त्याला गेटर म्हणतात. आत उरलेला किंवा नंतर सुटणारा वायू शोषून घेणं हे त्याचं काम. आत हवा शिरली की बेरियमचा ऑक्साइड होतो आणि डाग दुधासारखा पांढरा पडतो. एक पैसा खर्च न करता, ट्यूब न जोडता होणारी ही तपासणी आहे. पाठवणाऱ्याने बांधण्याआधी या डागाचा फोटो काढावा आणि घेणाऱ्याने खोका उघडल्यावर सगळ्यात आधी त्याच जागी पाहावं. डाग चकचकीत असेल तर पोकळी शाबूत आहे. पांढरा असेल तर ट्यूब गेली, आणि ती जोडून पाहण्यातही अर्थ नाही.

वीज बंद, तरी वीज आत

प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये विद्युतभार साठून राहतो. काचेच्या आतला ग्रॅफाइटचा लेप, मधली काच आणि बाहेरची जमिनीला जोडलेली बाजू मिळून एक कपॅसिटर तयार होतो. त्यात साठलेली ऊर्जा थोडी असते, पण 30 हजार व्होल्टचा झटका बसला की हात आपोआप झटकला जातो, आणि त्या हातात ट्यूब असेल तर ती जमिनीवर जाते. प्रोजेक्टरच्या आतल्या पुरवठ्याला मात्र बराच जास्त जोर असतो. तो जीवघेणा ठरू शकतो. हाय व्होल्टेजचं काम ज्याने कधी केलेलं नाही, त्याने ते एकट्याने आणि पहिल्यांदा या यंत्रावर शिकू नये.

भार काढताना ॲनोडचं, म्हणजे ट्यूबला उच्च दाब पोचवणाऱ्या वायरचं टोक मोठ्या रोधातून ट्यूबच्या स्वतःच्या अर्थ पट्टीला टेकवायचं, सर्किटच्या मिळेल त्या धातूला नाही. तसं केलं तर ठिणगीचा प्रवाह नाजूक आय.सी.मधून जातो आणि एका ट्यूबच्या दुरुस्तीत बोर्डही जातो. एकदा भार काढून थांबणंही पुरत नाही. काच आतल्या आत थोडा भार धरून ठेवते आणि काही मिनिटांनी तो पुन्हा वर येतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी तीच कृती पुन्हा करायची. प्रोजेक्टरच्या बऱ्याच ट्यूबमध्ये ॲनोडची वायर काचेला कायमची चिकटवलेली असते आणि तिचं दुसरं टोक तिन्ही ट्यूबना दाब वाटणाऱ्या ठोकळ्यात बसतं. अशी वायर ट्यूबकडून ओढायची नाही, ठोकळ्याकडून सोडवायची. ट्यूब बाहेर आली की वायरचं उघडं टोक अर्थ पट्टीला बांधून टाकायचं, म्हणजे वाटेत भार जमणार नाही आणि खोका उघडणाऱ्यालाही झटका बसणार नाही.

ट्यूबच बदलायची का?

चित्रात एक रंग गेला म्हणजे ट्यूबच गेली असं होत नाही. मानेवरचा बोर्ड, सैल सॉकेट, कोरडा पडलेला सोल्डर जोड किंवा तडकलेली वायर यांनीही रंग जातो. शक्य असेल तिथे दोन रंगांचे सिग्नल आपसात बदलून पाहावेत. दोष सिग्नलबरोबर दुसऱ्या ट्यूबकडे गेला, तर तो पहिल्या ट्यूबमध्ये नाही. मानेत हीटरची केशरी लाली दिसते का ते पाहावं. लाली असूनही रंग मंद आणि विरलेला असेल, तर गनची ताकद संपत आली आहे. एकच चित्र वर्षानुवर्षं दाखवलेल्या ट्यूबवर त्या चित्राचा भाजलेला ठसा राहतो, तो ट्यूब बंद असतानाही काचेवर दिसतो. यंत्र कायम सिनेमाच्या रुंद पट्टीत चालवलं असेल, तर मधला भाग झिजतो आणि वर-खाली उजळ पट्टे उमटतात.

कधी कधी दोष ट्यूबमध्ये नसून द्रवात असतो. जुन्या यंत्रात ग्लायकॉलचं मिश्रण गढूळ होतं, त्यात तंतू धरतात किंवा कुपीतून ते झिरपतं. असा द्रव बदलला की मेलेली समजलेली ट्यूब पुन्हा नितळ प्रकाश देऊ लागते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, म्हणून काढलेला द्रव बंद डब्यात ठेवावा, मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत येऊ देऊ नये. नवी ट्यूब मागवताना नुसतं इंचांचं माप सांगून भागत नाही. मानेवरच्या लेबलचा पूर्ण क्रमांक, मानेची जाडी, पिनांची मांडणी, फोकस विद्युत की चुंबकीय, द्रवाची कुपी सोबत आहे की नाही, ॲनोड वायरची लांबी, हे सगळं जुळलं पाहिजे.

काढताना

काढण्याआधी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे खुणा आणि फोटो. योक कोणत्या कोनात बसला आहे, मानेवर तो किती पुढे आहे, त्यामागच्या चुंबकी कड्या कुठे वळवल्या आहेत, कोणती वायर कुठल्या सॉकेटात जाते, यांचे जवळून फोटो घ्यावेत आणि बारीक मार्करने रेघा ओढाव्यात. मानेवरचा बोर्ड सरळ मागे ओढून काढायचा, हलवत-डुलवत नाही, कारण बाजूला दिलेला प्रत्येक जोर पातळ काचेवर जातो. योकचा क्लॅम्प पूर्ण सैल केल्यावरही योक हलत नसेल, तर आतला रबर किंवा चिकटवलेला गोंद सुकून धरलेला असतो. अशा वेळी हलकी ऊब द्यावी आणि वाट पाहावी. या टप्प्यावर घाई केली की मान तुटते. ट्यूब पाठवायची असेल तर योक आणि कड्या उतरवून वेगळ्या बांधाव्यात. तांब्याच्या त्या वेटोळ्याला चांगलंच वजन असतं आणि धक्क्यात ते मानेलाच ओढतं. द्रवाची कुपी मात्र घट्ट आणि कोरडी असेल तर उघडू नये. तिच्या जोडाभोवती पांढरा कागद गुंडाळून ट्यूब रात्रभर ठेवावी. सकाळी कागद ओला असेल तर ती गळते आहे.

बांधणी

धक्क्याचं गणित समजलं की बांधणी आपोआप सुचते. 75 सेंटीमीटर उंचीवरून, म्हणजे कमरेच्या आसपासून सुटलेला खोका जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 14 किलोमीटर असतो. तो वेग किती अंतरात शून्य होतो, यावर सगळं अवलंबून आहे. ट्यूब कडक तळावर 1 मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सरासरी 750 पट जोर येतो. फोम दबत दबत तिला 2.5 सेंटीमीटरमध्ये थांबवू शकला, तर तोच जोर 30 पटीवर येतो. ट्यूब 3 किलोची धरली, तर एका बाजूला सव्वादोन टन आणि दुसऱ्या बाजूला 90 किलो. ट्यूबला वाचवतं ते थांबायला मिळालेलं अंतर. फोम साधारण निम्म्या जाडीपर्यंतच उपयोगाचा दबतो, त्यानंतर तो कडक होतो. म्हणून 2.5 सेंटीमीटर अंतर हवं असेल तर सर्व बाजूंनी किमान 5 सेंटीमीटर फोम लागतो आणि 7-8 असेल तर उत्तम. फोम फार मऊ असेल तर ट्यूब त्यातून तळाला जाऊन आदळते, फार कडक असेल तर तो दबतच नाही. तळहाताने जोर दिल्यावर निम्मा दबणारा आणि हात काढताच परत उसळणारा फोम घ्यावा.

यासाठी दोन खोके लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. आतल्या खोक्याने ट्यूबला जराही हलू द्यायचं नाही. बाहेरच्या खोक्याने आतल्या खोक्याला थांबायला जागा द्यायची. ही विभागणी चुकली की ट्यूब आतल्या आत गदागदा हलते किंवा दोन्ही खोके मिळून एकच कडक पेटी होते. देवगडच्या आंब्याच्या पेटीत पेंढा जसा प्रत्येक फळाला आपल्या जागी धरतो, तसं आतल्या खोक्याने ट्यूबला धरायचं.

आतली मांडणी अशी. जाड फोमच्या चौकोनी तुकड्यात ट्यूबच्या तोंडाच्या कडेचा आकार कापायचा, म्हणजे भार कडेवर येईल आणि काचेचा मधला चकचकीत भाग कशालाही टेकणार नाही. त्या भागावर आधी स्वच्छ, मऊ कागद लावावा. ट्यूब तोंड खाली, मान वर अशी ठेवायची. जड भाग तळाला राहिला की खोका स्थिर राहतो. शिवाय आत सुटा झालेला ग्रॅफाइटचा एखादा कण असेल, तर तो गनमध्ये जाऊन शॉर्ट करत नाही. नरसाळ्याच्या उतारावर फोमची दुसरी चकती बसवायची, तिच्या मधल्या भोकातून मान वर येते. मानेभोवती जाड पुठ्ठ्याची किंवा पी.व्ही.सी.ची नळी उभी करायची. ती फोमच्या चकतीवर टेकलेली असावी, मानेला कुठेही लागू नये आणि मानेच्या टोकापेक्षा किमान 5 सेंटीमीटर उंच असावी. या नळीत काहीही भरायचं नाही. मान मोकळी राहिली की तिच्यावर वजन येत नाही. ॲनोडची वायर गुंडाळून ट्यूबच्या अंगाला टेपने बसवायची, म्हणजे तिचं कडक टोक वाटेत काचेवर आपटणार नाही. योक, कड्या आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत, वेगळ्या डब्यात आणि बाहेरच्या खोक्यात दुसऱ्या बाजूला जातात. धातूचा एकही सुटा तुकडा ट्यूबच्या शेजारी असता कामा नये.

मोकळ्या जागेत थर्माकोलचे सुटे मणी भरायची सवय इथे घातक आहे. ट्रकच्या हादऱ्यांनी मणी वर सरकतात आणि जड वस्तू हळूहळू खाली उतरून तळाला टेकते. पोचेपर्यंत तिच्याखाली काहीच उरलेलं नसतं. थर्माकोल वापरायचाच तर कापलेल्या सलग ठोकळ्यांचा वापरावा. त्याचाही एक दोष लक्षात ठेवावा. मोठ्या धक्क्यात तो एकदा चेपला की परत उसळत नाही, आणि दुसऱ्या धक्क्याला तिथे पोकळ जागा राहते. हुबळीतून जाणाऱ्या पार्सलला दुसरा धक्का बसणारच असं धरून चालावं.

बांधणी पारखायची एक पद्धत आहे. ट्यूबऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी आणि तिला चिकटवलेला काचेचा जुना बल्ब ठेवून खोका तसाच बंद करावा आणि कमरेच्या उंचीवरून आधी तळावर, मग एका कोपऱ्यावर सोडावा. बल्ब शाबूत राहिला तर ट्यूब घालायला हरकत नाही. बल्ब फुटला तर बांधणी बदलावी. एका बल्बच्या किमतीत हा धडा स्वस्त आहे.

पाऊस, खुणा आणि बिल्टी

जूनमध्ये पश्चिमेकडचा पाऊस धारवाडपर्यंत पोचतो. खूप दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरते, आणि वर दुसरा माल रचला की खोका दबून बसतो. म्हणून आतला खोका प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि बाहेरून पुठ्ठ्याऐवजी प्लायवुडची किंवा फळ्यांची पेटी करावी. पेटी जड होते, पण तिच्यावर रचलेल्या मालाचं वजन आत पोचत नाही. तळाला दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, तर हात घालून सावकाश उतरवता येते. उचलायला सोपी पेटी सहसा टाकली जात नाही. हमालाचं काम सोपं करणं हाही बांधणीचाच भाग आहे.

पेला, वर दाखवणारे बाण आणि छत्री या आंतरराष्ट्रीय खुणा पेटीच्या चारही बाजूंना छापाव्यात, नुसत्या झाकणावर नाही. बरोबर कन्नड, मराठी आणि इंग्रजीत 'काच' आणि 'ही बाजू वर' असं ठळक लिहावं. चित्र सगळ्यांना कळतं, पण आपल्या लिपीत लिहिलेली सूचना माणूस अधिक मनावर घेतो.

बिल्टी करताना मालाची खरी किंमत जाहीर करावी. 1 मार्च 2011 पासून लागू असलेल्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे, म्हणजे 2007 च्या कायद्याप्रमाणे, जास्त किंमत जाहीर करून जादा दराने भाडं भरलं नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. दावा करायचा झाला तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो अशा वेळी कामाला येतात. घेणाऱ्याने पेटीवर चेपल्याची किंवा ओल लागल्याची खूण पाहिली, तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहावं आणि पेटी उघडताना फोटो काढत जावेत.

बसवताना

पोचलेली पेटी लगेच उघडू नये. बाहेर उकाडा आणि आत वातानुकूलित खोली असेल, किंवा उलट, तर ट्यूब काही तास बंद पेटीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे काचेवर पाणी धरत नाही. मग गेटर, मान, पिना, तोंडाची कड, कुपीचा जोड या क्रमाने पाहणी. ट्यूब मोकळ्या टेबलावर जोडून पेटवून पाहायचा मोह आवरावा. एवढ्या दाबाला सौम्य क्ष-किरण निघतात आणि त्यांना अडवणारं कवच प्रोजेक्टरच्या अंगातच असतं, म्हणून ट्यूब तिच्या जागी बसवूनच चालू करायची.

योक मानेवरून नरसाळ्याला टेकेपर्यंत पुढे सरकवायचा, खुणेप्रमाणे कोन ठेवायचा आणि क्लॅम्प बेताने आवळायचा. पहिल्यांदा चालू करताना ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत खाली असावा, आणि मानेवरच्या बोर्डवरचा स्क्रीनचा कंट्रोल, म्हणजे जी-टू, कमी करून ठेवलेला असावा. आडवी-उभी चाल नीट आहे, पडद्यावर नुसता तेजस्वी ठिपका किंवा रेघ थांबलेली नाही, याची खात्री झाल्यावरच तो हळूहळू वाढवायचा. थांबलेला ठिपका काही सेकंदांत नव्या फॉस्फरला कायमचा डाग पाडतो.

पुढचं काम संयमाचं. यंत्र अर्धा-एक तास तापू द्यावं, कारण थंड यंत्रावर जुळवलेलं चित्र तापल्यावर सरकतं. आधी लेन्सचा फोकस, मग विद्युत फोकस, मग चुंबकी कड्यांनी ठिपका गोल करणं, मग चित्राचा आकार आणि मध्य. हिरवी ट्यूब मधोमध सरळ बसलेली असते आणि लाल-निळ्या दोघी तिरक्या, म्हणून हिरवं चित्र प्रमाण मानून आधी लाल आणि मग निळं त्यावर बसवतात. नवी ट्यूब हिरवी असेल तर बाकीच्या दोन्ही पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवायला हवा. निळ्या ट्यूबचं वागणं वेगळं. तिच्या झिंक सल्फाइडच्या फॉस्फरवर जास्त प्रवाह पडला तर त्या प्रमाणात प्रकाश वाढत नाही. म्हणून बरेच जाणकार निळा फोकस मुद्दाम किंचित सैल ठेवतात, म्हणजे झोत पसरतो आणि पांढऱ्या दृश्यात निळेपणा टिकतो. तो हट्टाने धारदार केला, तर उजळ दृश्यं पिवळट दिसू लागतात.

शेवटी राखाडी रंगाच्या पायऱ्या जुळवायच्या. नव्याने बसवलेली ट्यूब जुन्या दोघींपेक्षा ताजी असेल, तर तिला थोडं मागे धरावं लागतं. तिच्या बरोबरीला आणण्यासाठी जुन्या दोघींना ओढलं, तर त्या आणखी लवकर संपतात.

काढलेल्या ट्यूबचं काय

संपलेली ट्यूब कचऱ्यात टाकायची नसते. मान आणि नरसाळ्याच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसं असतं. भंगारवाल्याने ती तांब्यासाठी फोडली, तर शिशाची आणि फॉस्फरची धूळ माणसाच्या श्वासात जाते. देशात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम 1 मे 2012 पासून लागू आहेत आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यांची नवी आवृत्ती लागू झाली आहे. अधिकृत नोंद असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच ती द्यावी. पण देण्याआधी तिच्याकडून एक काम करून घेता येतं. गन संपलेली, पोकळी शाबूत असलेली ट्यूब ही शिकायला उत्तम. योक कसा उतरवायचा, मान न दुखावता बोर्ड कसा ओढायचा, फोम कुठे आणि किती कापायचा, हे हाताला त्यावर शिकवता येतं.

टीव्हीच्या ट्यूबवर हात बसलेले जुने कारागीर हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात अजून आहेत. प्रोजेक्टरच्या ट्यूबचं नियमित उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. जी ट्यूब आज जगात कुठे तरी पडून आहे, तीच उद्याची सुटी ट्यूब आहे. वाटेत फुटलेल्या प्रत्येक ट्यूबबरोबर एक यंत्र कायमचं बंद पडतं, आणि ती फुटते तेव्हा बहुतेक वेळा बांधणाऱ्याने मानेभोवती मोकळी जागा आणि कडेला थांबण्याचं अंतर सोडलेलं नसतं. या कामाला महागडी यंत्रं लागत नाहीत. दोन खोके, योग्य फोम, एक नळी, थोडे फोटो आणि सावकाश चालणारा हात एवढंच लागतं. ज्यांना हे येतं त्यांनी तरण्या पोरांना मेलेल्या ट्यूबवर ते आताच शिकवावं. ट्यूब अजून मिळतात, शिकवणारेही अजून आहेत, आणि या दोन्ही गोष्टी बरोबर असेपर्यंतच हे ज्ञान पुढच्या हाती जाऊ शकतं.